पिलर बारा, जोडी सव्वीस

"बाबा, आपल्या वायफायचा पासवर्ड काय आहे?"

विचारलं एकदाचं. रविवारची सकाळ होती. बाबा दाढी करून नुकतेच खुर्चीत टेकले होते, आई इस्त्री करत होती, आणि मी माझा नवा फोन त्यांच्या नाकासमोर धरला होता. नवा म्हणजे मामेबहिणीने वापरून सोडलेला. पण मला नवा.

हा प्रश्न विचारायची पैज लागली होती. वर्गात आम्ही तिघी कायम एकत्र. त्यातली एक इतका वाद घालते की तिला सगळे वकीलीणबाई म्हणतात. ती म्हणाली, "भाषणात पहिली आलीस. सगळ्या शाळेसमोर माईक धरून सात मिनिटं बोललीस. आणि स्वतःच्या घराचा पासवर्ड विचारायला फाटते तुझी?" तिसरी नुसती हसली. ते हसणं जास्त लागलं.

पण त्यांना आमचं घर माहीत नव्हतं. आमच्याकडे पासवर्ड विचारायचा नसतो. फोन बाबांच्या हातात द्यायचा, बाबा आपल्याकडे पाठ करणार, एका बोटाने टकटक करणार, आणि फोन परत देणार. एकोणतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते ते. लाइन ज्याची त्याची, चावी लाइनमनची, असं त्यांचं म्हणणं.

बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"सांगा ना नुसता. मी टाकते."

"आण म्हटलं ना."

दिला. पाठ वळली, टकटक झाली. मग थांबली. मग परत टकटक. आईची इस्त्री एकाच बाहीवर जरा जास्त वेळ फिरत राहिली.

"नेट गंडलंय," बाबा म्हणाले.

"नेट चालू आहे. आईच्या फोनवर आत्ता गाणं वाजतंय."

"मग तुझा फोन गंडलाय. फुकटचा माल."

चौथ्यांदा चुकल्यावर फोनने त्यांना सांगितलं की थोड्या वेळाने प्रयत्न करा. बाबांनी तो टेबलावर पालथा ठेवला. त्यांचा कान लाल झाला होता. आणि मला एकदम लख्ख कळलं: ते विसरले होते.

बाबा विसरतात हे मला ठाऊकच नव्हतं. भाजी आणायला विसरतील, माझी इयत्ता तर नेहमीच विसरतात. पण लाइन? शहराच्या या भागातले सगळे पिलर त्यांना पाठ आहेत. पिलर म्हणजे रस्त्याकडेला उभ्या असायच्या त्या राखाडी लोखंडी पेट्या. त्यांच्या पोटातून तांब्याच्या तारांची एकेक जोडी एकेका घराला जायची. आता निम्म्या पेट्या गंजल्यात, उरलेल्यांवर जाहिराती चिकटवल्यात. पण बाबांबरोबर रस्त्याने चाललं की ते अजून पुटपुटतात. "पिलर सात, जोडी चाळीस, दातांचा डॉक्टर. जोडी एक्केचाळीस, त्याची सासू. दिवसभर एकमेकांना फोन." खात्याने माणसं कमी केली तेव्हा बाबांना घरी पाठवलं. आता ते एका दहा मजली इमारतीत खाली टेबल घेऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वही भरतात. नाव, कोणाकडे, काम, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. अक्षर इतकं सुरेख की त्या वहीला ते वाया घालवतात असं मला वाटतं.

"डायरीत लिहिला असेल ना," आई म्हणाली.

आईने मग स्वतःच कपाटातून लाइनमनची काळी डायरी काढली, पानं उलटली आणि मध्येच थांबली. तिथे एक पान नव्हतं. शिवणीजवळ फाटलेली किनार तेवढी होती.

"अहो. हे तेच पान ना?"

"असेल."

"तुम्ही रागात फाडलंत ते?"

"असेल म्हटलं ना."

ते पान मलाही आठवलं. त्यावर ताईची माहिती होती. ताई म्हणजे माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी बहीण. बाबांनी ओळखीपाळखी काढून तिला एका ऑफिसात कायमची नोकरी लावून दिली, त्या दिवशी त्यांनी तिचा कर्मचारी क्रमांक त्या पानावर शाई पेनाने लिहिला होता, खाली दोन रेघा मारून. त्याच आठवड्यात घरी वायफाय आलं होतं. पासवर्ड नक्की पानाच्या पाठीमागे लिहिला असणार. दोन वर्षांपूर्वी ताईने नोकरी सोडली आणि एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं. त्याला चार वर्षांचा मुलगा होता. ते पान त्या संध्याकाळी फाटलं. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन वर्षांत या घरात नवीन काही आलंच नव्हतं.

"कंपनीच्या माणसाला बोलवू," आई म्हणाली. "तो नवा टाकून देईल."

"माझ्या घरातल्या लाइनीला परका माणूस हात लावणार नाही."

"मग बसा असेच."

मी मैत्रिणींना आईच्या फोनवरून कळवलं की खुद्द बाबाच विसरलेत. वकीलीणबाईचं उत्तर लगेच आलं. घरात तारेने जोडलेला कॉम्प्युटर असेल तर त्या वायफायच्या पेटीचं स्वतःचं एक पान उघडता येतं. त्यात शिरायची अक्षरं पेटीच्या बुडाला चिकटवलेली असतात. आत सगळं दिसतं, पासवर्डसुद्धा.

तारेने जोडलेला कॉम्प्युटर होता. ताईचा. दोन वर्षं जुन्या चादरीखाली झाकलेला.

मी चादर काढली तेव्हा दोघांपैकी कुणीच नको म्हणालं नाही. हे मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं. मी मात्र स्वतःच्या हुशारीवर खूश होते. पेटी उलटी करून बुडाची बारीक अक्षरं वाचली, ती टाकली, पान उघडलं. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या साबणाचा वास माझ्या खांद्यावर आला.

"हा घ्या. इंग्रजीत पिलर, बारा, जोडी, सव्वीस."

"सव्वीस," बाबा म्हणाले. मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून हळूच, "मी एकोणीस टाकत होतो."

"म्हणजे?"

"आपल्या घराची लाइन पहिल्यापासून एकोणीस नंबरच्या जोडीवर. मग रस्ता खणताना केबल तुटली. मीच आपल्याला सव्वीसवर घेतलं. माझ्या हाताने." त्यांनी हाताकडे पाहिलं. "दुसऱ्यांच्या राहिल्या लक्षात. आपलीच बदललेली राहिली नाही."

मला त्यांची कीव आली. खरंच आली. आणि ती कीव अजून ताजी असतानाच मी पान खाली सरकवलं.

खाली यादी होती, महिनाभरात आपल्या वायफायला कोण कोण जोडलं गेलं त्याची. बाबांचा फोन, आईचा फोन, टीव्ही. आणि चौथं नाव होतं, हात-लावू-नकोस.

ते नाव मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण ते माझ्यासाठीच ठेवलेलं होतं. मी लहानपणी ताईचा फोन सारखी पळवायचे, म्हणून तिने फोनलाच ते नाव दिलं होतं. तिचा फोन आमच्या घराला विसरला नव्हता. दारात आला की आपला आपण जोडला जात होता. नावापुढे तारखा होत्या, वेळा होत्या.

मी त्या मोठ्याने वाचायला लागले. का ते माहीत नाही. बाबा वही वाचतात तशा सुरात.

"मंगळवार. आत अकरा दहा. बाहेर बारा चाळीस."

रविवारखेरीज मंगळवारी बाबांची सुट्टी असते. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेलेली असते, मी शाळेत. आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि बाबांकडे पाहिलं.

"गुरुवार. आत दहा पंचावन्न. बाहेर एक पाच."

गुरुवारी आईची तशीच जादा सुट्टी. आता बाबांनी आईकडे पाहिलं.

"मंगळवार. आत अकरा पाच. गुरुवार. आत अकरा. मंगळवार..."

"पुरे," बाबा म्हणाले.

"चार मंगळवार आहेत, बाबा. चार गुरुवार आहेत."

इस्त्रीचा तापलेला पत्रा टिकटिक करत होता.

"तू गुरुवारी?" बाबांनी आईला विचारलं.

"आणि तुम्ही मंगळवारी. मला म्हणालात, पंखा साफ करत होतो."

"पंखापण केला साफ."

"तिने केला असेल."

"तिनेच केला."

आणि मग त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. राग नाही, लाज नाही. सुटका. आईच्या ओठाचा कोपरा हलला. इतके दिवस आवळून धरलेलं ओझं दोघांनी एकदमच खाली ठेवलं होतं, आणि क्षणभर दोघांनाही ध्यानात राहिलं नाही की खोलीत तिसरं माणूस आहे.

"आणि मी?" मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

ज्या संध्याकाळी पान फाटलं, त्या संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "या घरात तिचं नाव निघणार नाही." आई म्हणाली होती, "मला एकच मुलगी आहे आता." मी तेरा वर्षांची होते. मी ऐकलं. ताईचा फोन यायचा, मी उचलला नाही. मेसेज यायचे, न वाचता पुसले. एकदा सकाळी शाळा भरताना ती फाटकाशी उभी होती, हातात रंगीत पेनांचा डबा, माझ्या वाढदिवसाचा. मी मान वर करून तिच्या शेजारून निघून गेले. ती हाक मारत होती, तीही लाडाच्या नावाने, आणि सगळ्या मुली बघत होत्या. घरी येऊन मी हे छाती काढून सांगितलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. "अशी पोर पाहिजे," म्हणाले होते. मी तो हात कितीतरी दिवस डोक्यावर घेऊन फिरले.

"कधीपासून येते ती?"

आई इस्त्रीची वायर गुंडाळू लागली. वायर अजून गरम होती.

"आई, कधीपासून?"

"गेल्या वर्षी," ती म्हणाली. "तू फाटकाशी तिच्याकडे बघितलं नाहीस ना, त्या दिवसापासून. तिथून ती सरळ इथे आली. गुरुवार होता, मी घरी होते. रडत होती गं. पेनांचा डबा हातात तसाच. कसं दार लावून घेणार मी?"

"आणि तुम्ही, बाबा?"

"मला नंतर भेटली. माझ्या टेबलापाशी आली. वहीत नाव लिहिलं, कोणाकडे, तर माझंच नाव लिहिलं." बाबा खाकरले. "मग म्हटलं मंगळवारी ये घरी. आईला कळू देऊ नकोस."

"मीपण तिला तेच सांगितलं होतं," आई म्हणाली. "बाबांना कळू देऊ नकोस."

"आणि मला का नाही सांगितलंत? वर्ष झालं. एकानेही का नाही?"

मग बाबा बोलले, जमिनीकडे बघत.

"तू एवढी पक्की होतीस. आम्हीच सांगितलं आणि आम्हीच मोडलं, हे तुझ्या तोंडावर कसं सांगायचं? तुझ्यासमोर लाज वाटायची आम्हाला."

शाळेत मी सात मिनिटं बोलले होते ते प्रामाणिकपणा या विषयावर. टाळ्या थांबत नव्हत्या. पहिल्या रांगेत हे दोघं बसले होते, मुलीचं कौतुक ऐकत. तो शुक्रवार होता. आदल्या दिवशी ताई इथे दोन तास बसून गेली होती. यादीत होतं.

"माझ्याबद्दल विचारते?"

"आता नाही विचारत," आई म्हणाली. "आधी विचारायची."

टेबलावर पालथा पडलेला माझा फोन मी उचलला. पिलर, बारा, जोडी, सव्वीस. एका झटक्यात लागला. मैत्रिणींचे मेसेज धडाधड आले. जिंकलीस की घाबरलीस? पासवर्ड कुठाय? मी फोन तसाच खिशात टाकला. बाबा माझ्या मागून पडद्याकडे बघत होते.

"ती यादी पुसता येते का गं?" त्यांनी विचारलं.

"येत असेल. मी पुसणार नाही."

"नको पुसू."

"राहते कुठे ती?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पत्ता सांगितला, त्यांना सांगता येतो तसा. "जुना पिलर नऊ आहे ना, पाण्याच्या टाकीखाली. त्याच्या समोरची इमारत, दुसरा मजला. जोडी चौदा होती तिथे. आता काही नाही."

म्हणजे तिथेही जाऊन आले होते. निदान खालपर्यंत.

मी उठले. ताईच्या कॉम्प्युटरवर चादर परत घातली नाही. बाबांची काळी डायरी टेबलावर होती, फाटक्या पानाशी उघडी. ती मी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांच्या खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"लिहा, बाबा. माझं नाव. कोणाकडे, ताईकडे. बाहेर, दहा वाजून वीस मिनिटं."

"आत्ता? अगं, जेवून तरी..." आई म्हणाली.

बाबांचं पेन कागदावर टेकलं होतं. सवयीने त्यांनी विचारलं, "काम?"

"माफी मागायची आहे. एकटी जाणार आहे मी, तुमच्यापैकी कुणीही बरोबर यायचं नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि आत कधी, तो रकाना कोरा ठेवा. ताईने दार उघडलं तर उशीर होईल."

बाबांनी लिहायला सुरुवात केली, त्याच सुरेख अक्षरात. मी चपला घातल्या.

"आणि ती यायला तयार झाली, तर आम्ही दोघी आजच, रविवारीच येणार. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. तुम्ही दोघंही घरात असताना."