कानातली सासू

घरी एक सासू होती आणि कामावर कानात दुसरी. घरातली निदान दुपारी घटकाभर डोळा लावायची. कानातली पाळी संपेपर्यंत गप्प बसत नसे. "गल्ली नऊ, खण चार," असं ती म्हणाली की निघालीच बाई ढकलगाडी घेऊन. गोदामातल्या सगळ्यांच्या कानाला हेडफोन असायचा आणि त्यातल्या बाईच्या आवाजाला सगळे सासूच म्हणायचे. का, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

या गोदामात एकाच घरातल्या दोन जावा होत्या. थोरली आधी लागली, मग तिनेच शब्द टाकून धाकटीला आणलं. दोघी कंत्राटावर. थोरली सावकाश, पण चोख. धाकटी म्हणजे वारा प्यालेलं वासरू. तिला सगळे 'एक्सप्रेस' म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

काम ऐकायला सोपं. सासू सांगेल त्या खणापाशी जायचं, खणावर चिकटवलेला दोन आकडी नंबर वाचून मोठ्याने बोलायचा. नंबर बरोबर असला तरच ती पुढचं सांगणार, "तीन घ्या." मग गाडीवरच्या ज्या खोक्याचा दिवा लागेल त्यात तीन नग टाकायचे. पूर्वी इथून फक्त दुकानांना माल जायचा, पेट्याच्या पेट्या. आता त्याच फळीवरची बाटली दुकानाला जाते, कंपनीच्या वेबसाइटवरच्या गिऱ्हाइकाला जाते, फोनवरून मागवणाऱ्याला जाते आणि आणखी कुठल्या कुठल्या साइटवाल्यांनाही. सगळ्यांच्या ऑर्डरी एकत्र कालवून सासू कानात ओतते. कुणाचं काय हे आपण विचारायचं नाही, दिवा बघायचा.

आता माणूस म्हटला की पळवाट आलीच. रोज तेच खण, तेच नंबर. शाळेतल्या पोरांना पाढे यावेत तसे सगळ्यांना ते पाठ झाले. मग खणापाशी पोचायच्या आधीच, चालता चालता "सत्तेचाळीस" म्हणून मोकळं व्हायचं. सासू फसायची, तेवढाच वेळ वाचायचा. धाकटीला तर अख्खं गोदाम तोंडपाठ. फक्त न बघता घातलेला हात कधी कधी शेजारच्या खणात जायचा. केसांना तपकिरी रंग मागवलेल्या बाईला काळा गेला, बाळाच्या साबणाऐवजी कुणाकडे दाढीचा पोचला. पूर्वी दुकानदार असली चूक गिळायचा, आलेली वस्तू फळीवर मांडून विकून टाकायचा. घरी बसलेलं गिऱ्हाईक कसलं गिळतंय! फोटोसकट तक्रार हजर.

तक्रारी वाढल्या आणि नेमकी त्याच वेळी कायम नोकरीची एक जागा निघाली. एकच. बाकी कंत्राटं महिनाअखेर संपणार होती आणि त्यातली किती पुढे चालू राहतील, देव जाणे.

सुपरवायझरने थोरलीला बाजूला घेतलं. "वेग बघितला तर तुमची जाऊ, चोखपणा बघितला तर तुम्ही," तो म्हणाला. "वरचे साहेब वेगाकडे झुकलेत. पण मी म्हटलं, आधी न वाचता बोलतं कोण ते तरी बघू. रविवारी गोदाम बंद असतं तेव्हा या. सगळ्या खणांचे नंबर बदलायचेत. सोमवारी कोण जुना नंबर बोलतं ते मशीन टिपून ठेवेल. त्यात सापडेल त्याला जागा नाही, आणि कंत्राटही नाही."

"बरं," थोरली म्हणाली.

"आणि कुणाला बोलायचं नाही हं. घरी तर मुळीच नाही."

थोरलीला ती जागा हवी होती, अगदी जीव टांगणीला लागेल इतकी हवी होती. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. घर चालायचं ते दिराच्या पगारावर. दिराने कधी बोलून दाखवलं नाही, धाकटीने तर नाहीच नाही. पण मुलीच्या शाळेच्या बुटांसाठी दिरासमोर उभं राहताना थोरली चारदा पदर सारखा करायची. पुढचे बूट तिला स्वतःच्या पगारातून घ्यायचे होते. एवढंच, पण फार होतं.

रविवारी ती बहिणीकडे जाते म्हणून निघाली आणि दिवसभर गोदामात जुने नंबर खरवडून नवे चिकटवत राहिली. संध्याकाळी घरी आली तेव्हा बोटांना डिंक होता. तिने तो साबणाने घासून काढला, मग धाकटीच्या शेजारी भांड्यांना बसली. धाकटी घासत होती, थोरली विसळून पुसत होती.

"आकडे बदललेत." दोन शब्दांचं काम. तेवढं म्हटलं असतं तर धाकटी वाचली असती. ते शब्द थोरलीच्या ओठांवर आले होते, हे खोटं नाही. पण ती म्हणाली काय, तर, "उद्या जरा डोळे उघडे ठेवून नंबर वाचत जा. सदानकदा पोपटपंची नको."

"झालं, लागलं ताईंचं पुराण!" धाकटी हसत म्हणाली. "वाचत बसले तर संध्याकाळपर्यंत एक गल्ली होईल माझी."

"मी आपलं सांगायचं काम केलं."

"आणि मी आपलं ऐकायचं," धाकटी म्हणाली आणि साबणाचा फेस तिच्या दंडावर उडवला.

जावेने जावेला मारलेला टोमणा तो. असले दिवसाला दहा व्हायचे. या कानाने ऐकायचे, त्या कानाने सोडायचे, हीच घरातली रीत होती आणि थोरलीला ती चांगली ठाऊक होती. हात धरून, डोळ्यांत बघून सांगता आलं असतं. तिने ताट पुसून फळीवर ठेवलं.

सोमवारी पाळी सुरू झाली आणि गोदामात नुसता कल्लोळ उठला. इकडून "बावीस, बावीस!", तिकडून "अहो बावीस!" सासू सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "नंबर चुकला, पुन्हा बोला." एक म्हातारा पॅकर हसत हसत म्हणाला, "आज सासू बहिरी झाली वाटतं!"

थोरली आपल्या गल्लीत एकेक नंबर वाचत होती. पलीकडच्या गल्लीतून धाकटीचा आवाज येत होता. "सत्तेचाळीस. स-त्ते-चा-ळी-स!" मग खोकून घसा साफ केल्याचा आवाज. तिला वाटलं, मशीनला आपला आवाज कळत नाही. तिने बॅटरी बदलली. मग पळत जाऊन दुसरा हेडफोन आणला आणि पुन्हा तेच, आणखी ठासून. प्रत्येक वेळी मशीन टिपून ठेवत होतं. शेवटी ती वैतागून खणापुढे उभी राहिली, तिथला आकडा बघितला आणि एकदम गप्प झाली. थोरलीने गाडी क्षणभर थांबवली. पण सासूने गल्ली सांगितली होती, ती गाडी ढकलत पुढे गेली.

जिला सगळ्यात जास्त पाठ, तिच्याच नावावर सगळ्यात जास्त चुका. तिचं कंत्राट महिनाअखेर संपणार, हे ठरलं. शुक्रवारी सुपरवायझरने सगळ्यांसमोर थोरलीला कायम नोकरीचं नवं कार्ड दिलं. "रविवारची सुट्टी सोडून यांनी एकटीने नंबर चिकटवले," तो म्हणाला, "आणि घरच्या माणसापुढेही तोंड उघडलं नाही. याला म्हणतात विश्वासू माणूस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने मान वर करून थोरलीकडे बघितलं. तीही टाळ्या वाजवत होती.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच होत्या.

"तुला सगळं ठाऊक होतं ना गं?" त्या थोरलीवर कडाडल्या. "आणि घरच्या पोरीला सांगवलं नाही तुला? केसाने गळा कापलास तिचा!"

या भांडणाची थोरलीने सोमवारपासून तयारी केली होती. 'नवरा घरी बसलाय, मी काय करणार होते,' इथपासून सगळी उत्तरं जमवली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी मध्ये पडली.

"आई, ताईंना बोलू नका. त्यांनी सांगितलं होतं मला. रविवारी, इथेच, भांडी घासताना. नंबर वाच म्हणून बजावलं होतं. मीच शहाणी, उडवून लावलं." मग ती थोरलीकडे वळली. "नोकरी पणाला लावून सांगितलंत तुम्ही. आज कळलं मला. तिथे मुद्दाम बोलले नाही मी कुणाला, घाबरू नका."

सासूबाईंचा आवाज लगेच उतरला. "असं होय? मग करावं तसं भरावं, दुसरं काय. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं बाई."

थोरली भांड्यांपाशी जाऊन बसली, हातात ताट घेतलं, पुसलं, पुन्हा पुसलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू ऐकणार नाहीस, हे. म्हणूनच तसं सांगितलं."

धाकटी खळखळून हसली. "बघा आई! ताई मला पुरत्या ओळखून आहेत," ती म्हणाली आणि थोरलीच्या हातातलं ताट काढून घेतलं. "द्या इकडे. तुम्ही आता कायमच्या नोकरीवाल्या, आजपासून भांडी माझी."