कोणी आजारी नाही

"घरी कोणी आजारी आहे का, मॅडम?" हर्षदने पडद्यावरून विचारलं. "असेल तर सांगा. डॉक्टरांचा दाखला जोडा, मी तुमचं नाव सवलतीत घालतो."

राजश्रीने हेडफोन नीट केला. केळशीच्या घरात पडवीलगतच्या खोलीत तिचं टेबल होतं. बाहेर तिचे बाबा पहारीवर नारळ सोलत होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण हात अजून जहाजावरच्या खलाशाचेच.

"कोणी आजारी नाही, सर."

"नीट आठवून बघा."

"आजारपण आठवावं लागत नाही."

हर्षद हसला नाही. तो तिचा साहेब. वयाने लहान, स्वभावाने भला. विमा कंपनीच्या नव्या धोरणानुसार पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी मुंबईच्या ऑफिसात रोज हजर राहायचं होतं. घरून काम बंद. अपवाद फक्त घरातल्या आजारपणाचा.

राजश्री ऐन विशीत मुंबईला गेली. लग्न ठरलं, मोडलं, नोकरी टिकली. दुसऱ्यांच्या घरातल्या एकेका कॉटवर तिने तारुण्य काढलं. मग लॉकडाउन लागला, कंपनीनेच लॅपटॉप देऊन घरी धाडलं आणि चाळिशीत ती पहिल्यांदा दुपारचं गरम जेवू लागली. काम तेच होतं: लोकांनी पाठवलेले दवाखान्याचे कागद तपासायचे, खरे पुढे सोडायचे, खोटे अडवायचे.

जेवताना बाबांनी विषय काढला. भिंतीपलीकडून त्यांना तिचं बोलणं ऐकू गेलं होतं, बाकीचं त्यांनी ताडलं होतं.

"माझे गुडघे गेले म्हणून सांग. दापोलीचा डॉक्टर आपल्या ओळखीचा हाय. हवं तर त्या डब्यासमोर येऊन कन्हतो पण."

राजश्रीला हसू आलं. "सकाळी माडाखाली ढीगभर नारळ सोललेत तुम्ही."

"ते त्यांना कुठं दिसतंय?"

"मला दिसतंय ना."

बाबांनी आमटी वाढून घेतली. "मग तुझं कारण तरी काय?"

तिने शोधून पाहिलं. कामाला बसण्याआधी खाडीपर्यंत चालत जाणं. मावळता सूर्य कुठे जातो ते माहीत असणं. असलं काही अर्जात लिहिता येईना.

"मला इथं राहायचंय, बाबा. एवढंच."

"एवढ्यावर नाय गो भागत. नोकरीत आपलं कारण चालत नाय, दुसऱ्याचं लागतं."

दोन दिवसांनी पुन्हा मीटिंग झाली. या वेळी हर्षदबरोबर मुख्य कार्यालयातल्या योगिनी मॅडम होत्या.

"माझं काम कुठे कमी पडलं?" राजश्रीने विचारलं.

"काम उत्तम आहे," योगिनी म्हणाल्या. "पण माणसं एकत्र बसली की संवाद वाढतो."

"एकत्र बसायचो तेव्हा शेजारची मुलगी मला मेल करायची, मॅडम. दोघींच्या कानाला हेडफोन."

"धोरण ठरलंय. अपवाद फक्त वैद्यकीय."

"म्हणजे मला माझ्या गावात राहायचं असेल, तर माझ्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळायला हवं." तिचा आवाज चढला नाही. "खोटे दाखले पकडायचा पगार देता तुम्ही मला. आणि आता तुम्हीच एक मागताय."

योगिनींनी आपला माइक बंद केला. त्या बाजूला वळून कोणाशी तरी बोलताना दिसल्या.

संध्याकाळी हर्षदचा फोन आला. "मॅडम, किती जणांनी दाखले दिलेत. कोणी उघडून बघत नाही. माझ्या हातात एवढंच आहे हो."

"तुमचं मन चांगलं आहे, सर. पण नको. इथून काम द्या, करते. नसेल देता येत, तर तसं लिहून कळवा."

तसं लिहून आलं.

शेवटच्या दिवशी तिने हातातल्या सगळ्या फायली निकालात काढल्या. एका म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचा दावा रखडला होता, तो शेवटचा पुढे सोडला. थोड्या वेळाने पासवर्ड चालेनासा झाला. तिने लॅपटॉप पुसला, वायर गुंडाळली आणि कंपनीला परत धाडायचं खोकं नीट चिकटवलं. तेव्हा मात्र तिला रडू आलं. बाबा दारात आले, बघून परत गेले, आणि चहा ठेवल्याचा आवाज आला.

गावात बातमी फिरली. चांगली नोकरी घालवली, बापाने समजवायला हवं होतं, असंही कोणी म्हणालं. तिने घरून करता येईल अशा कामासाठी चार ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी ऑनलाइन मुलाखत ठरली. बाकीचे गप्प होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाऱ्याने माडाची झावळी पडून इंटरनेटची तार तुटली. केबलवाला ओमकार शिडी घेऊन आला. त्याने खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, नोकरी गेली म्हणतात. मग लाइन कशाला उगाच? बंदच करून टाकू काय?"

"गेली नाही. मी खोटं बोलले नाही म्हणून सुटली," राजश्री म्हणाली. "चढ वर."

चिऱ्याच्या खडबडीत जमिनीवर शिडी डुगडुगत होती. तिने पदर खोचला, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.