चोवीसचे चार

बहारीनमध्ये सतरा वर्षं एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला गारव्याबद्दल कोणी काय शिकवायचं? मी तरी त्याच तोऱ्यात होतो.

झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये काचेच्या खोलीत दोन पेंग्विन होते, बुटके, जेमतेम गुडघ्याएवढे. त्यांची देखभाल करणारा नागपूरचा प्रज्योत लीव्हवर गेला होता. जाताना "फिल्टर तेवढे साफ करा, बाकी कशाला हात लावू नका," असं मला बजावून गेला होता. मी तुबलीतल्या माझ्या घरून गेलो, तर काचेतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात एक पेंग्विन पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत होता. पिसं झडत होती, समोरचा मासा तसाच पडला होता. थर्मोस्टॅटवर चोवीस! माझं डोकंच फिरलं. पेंग्विन आणि चोवीस? कुठल्या गाढवाने लावलंय हे, म्हणत मी चारवर आणलं आणि ऐटीत घरी आलो.

सकाळी बघायला गेलो तर तो कोपऱ्यात आडवा, अंग थरथरतंय. दुसरा त्याला चिकटून बसलेला. मी घाईघाईने फोन काढला. प्रज्योतला व्हिडिओ कॉल लावला.

तो ओरडलाच, "नुमानभाई, चार? अहो, हे बर्फातले नाहीत! विषुववृत्तावरच्या बेटांवरचे आहेत, तापलेल्या काळ्या खडकांवर राहतात. पंख पसरतात ते अंगातली गरमी घालवायला, अन् पायांवर सावली धरायला."

"पण पिसं झडत होती. खातही नव्हता."

"पिसं बदलतात ते. तेव्हा उपाशीच राहतात, पाण्यातही उतरत नाहीत. अंगावर धड पांघरूण नाही त्याच्या, अन् तुम्ही... बाहेर काढा त्याला, यल्ला, लवकर!"

माझा विश्वासच बसेना. धडधाकट जिवाला आजारी समजून मी मारायला निघालो होतो.

सतरा वर्षं "दार लावा, गार हवा जाते" म्हणून लोकांवर खेकसत आलोय. त्या दिवशी मीच थर्मोस्टॅट परत चोवीसवर नेला आणि दार सताड उघडलं. ऑगस्टची भट्टी आत शिरली. त्याला शर्टात गुंडाळून व्हरांड्याच्या सावलीत घेऊन बसलो. त्याच्या काळजाची धडधड हाताला लागत होती. या अल्ला, याला जगव.

अर्ध्या तासाने त्याने शर्टातून मान काढली. उभा राहिला, डुलला. मग दोन्ही पंख पसरले, चोच उघडली आणि धापा टाकू लागला.

काल जे पाहून माझं डोकं फिरलं होतं, तेच पाहून आज मला रडू आवरेना.