‘ओल्ड’ कोणाच्या बाजूले

खोटं निघालं तर जीभ झडो, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला शंका असेल त्यानं कारंज्याच्या हायवेवर जावं आणि बोर्ड आपल्या डोळ्यांनी वाचून यावा. तर डोमाजी पेंटर शिडीवरून उतरला, त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, आणि खाली उभा राहून वर बघत असलेला कैलास मटकन स्टुलावर बसला.

“हे काय लिवलं, काका?”

“जे तुम्ही लिवून देलं ते.”

“मी ‘लक्ष्मणराव्ज ओल्ड ढाबा’ सांगतलंतं. तुम्ही ओल्ड पहिले नेऊन ठेवलं.”

“तीन शब्द होते, तिन्ही हायेत. एक जरासा सरकला त काय ढाबा पडला?”

बोर्ड मोठा, पिवळा, लाल अक्षरांचा. ‘ओल्ड लक्ष्मणराव्ज ढाबा’. रस्ता रुंद झाल्यापासून दोन्ही बाजूंनी नवे ढाबे उगवले होते, आणि या रस्त्यावरचा सगळ्यात जुना आपला, हे कारवाल्यांना इंग्रजीत कळावं, एवढीच कैलासची इच्छा.

आवाज ऐकून लक्ष्मणराव बाहेर आला. हातात फडकं होतं. महिनाभर ते फडकं त्याच्या हातातून सुटत नव्हतं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसायचं, पाण्याचा जग इथून तिथं ठेवायचा, तिथून इथं आणायचा, डाळीवरचं झाकण उघडून बघायचं, परत लावायचं. कैलासनं महिन्यापूर्वी सांगितलं होतं, “बाबा, दसरा झाला का मी तुमाले नाचणगावले नंदिनीकडं सोडून देतो. तिथं आराम करा.” म्हातारा दोनदा ओट्यावरून घसरला होता, हे खरं. ताटात डाळ टाकून उठणाऱ्या गिऱ्हाइकावर खेकसत होता, हेही खरं. त्याची पोरगी नंदिनी जीव लावणारी होती. पण चाळीस वर्षं ज्या माणसानं बसून जेवण केलं नाही, त्याला आराम म्हटल्यावर पायात वात आल्यासारखं व्हायचं. दसऱ्याला आता आठच दिवस उरले होते.

“काय झालं रे?”

कैलासनं नुसतं बोर्डाकडं बोट केलं. तेव्हा काउंटरमागून सुरभी आली. कैलासची बायको. सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि दुपारनंतर काउंटर सांभाळायची.

“मामाजी, आपल्या शब्दाले शेपूट असते,” ती म्हणाली. “लक्ष्मणरावाचा ‘जुना’ ढाबा. ‘जुन्या’ लक्ष्मणरावाचा ढाबा. शेपटीवरून समजते कोण जुनं ते. इंग्रजीतल्या ओल्डले शेपूटच नाई. ते ज्याच्या बाजूले बसलं, त्याचं झालं.”

“म्हणजे म्हतारा मी. ढाबा जवान.”

“हो.”

“मंग खरंच त लिवलं.”

“खरं असंन,” कैलास उसळला, “पण बापाले म्हतारा म्हणून बोर्डावर कोण चढवते? पुसा, काका.”

“ऑइलपेंट हाय, बापू. पुसाले फळ्यावरचा खडू नोय. सारा पत्रा खरडा लागते. हातात नवरात्राचे चार मंडप हायेत. दसऱ्याच्या दिवशी येतो.” आणि डोमाजी शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरकडून एक गाडी आली. चार कॉलेजच्या पोरी उतरल्या, बोर्ड बघून हसल्या, आणि काउंटरशी येऊन एकीनं विचारलं, “हू इज ओल्ड लक्ष्मणराव?”

सुरभीनं बोट केलं. “द थिन मॅन विथ द व्हाइट टोपी.”

पोरी फोन काढून त्याच्याकडं धावल्या. त्यानं आधी फडकं लपवलं, मग टोपी सारखी केली. फोटो झाल्यावर तो काउंटरपाशी आला.

“काय सांगतलं तू त्याइले?”

“पांढऱ्या टोपीचा बारीक माणूस. पण इंग्रजीत माणूस पहिले येते, टोपी मांगून.”

लक्ष्मणरावानं टोपी काढून हातात फिरवली. “बरं हाय त्याइचं. आपल्यात टोपी पाह्यल्याबिगर माणूस दिसतच नाई.”

त्या फोटोचं पुढं काय झालं ते फोनवाल्यांना माहीत. पण तिसऱ्या दिवशी सात गाड्या आल्या, चौथ्या दिवशी वीस, आणि पाचव्या दिवशी तळेगावच्या पुढं निघून गेलेली एक लक्झरी बस, अख्ख्या भजनी मंडळासकट, माघारी फिरली. सगळ्यांना जेवायचं होतं आणि ओल्ड लक्ष्मणराव बघायचा होता. तो या टेबलाकडून त्या टेबलाकडं फिरायचा, आता मात्र लोक बोलवायचे म्हणून. डाळ टाकून उठणाऱ्यावर तो खेकसायचाच, पण आता माणसं हसून परत बसायची आणि वाटी चाटूनपुसून खायची.

सहाव्या दिवशी एका चष्मेवाल्या साहेबानं ऑर्डर दिली, “अ हॉट कप ऑफ टी.” लक्ष्मणरावानं सुरभीचं सगळं ध्यानात ठेवलं होतं. हॉट बसलं कोणाच्या बाजूला? कपाच्या. म्हणून त्यानं रिकामा कप तव्यावर पालथा घालून चांगला तापवला, चिमट्यानं उचलला आणि त्यात चहा ओतून साहेबापुढं ठेवला. साहेबानं कपाचा कान धरला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते इंग्रजी नव्हतं.

“मामाजी, तापवाचा चहा असते!” सुरभी पोट धरून हसत म्हणाली.

“मंग हॉट कपाच्या बाजूले काऊन बसवलं? शब्द त्याइचे चुकाचे, न् बोट पोळाचे दुसऱ्याचे.”

साहेबानं बोटावर फुंकर घातली. म्हणाला, गाडीत बसेपर्यंत चहा गरम राहिला, असा आयुष्यात प्यालो नाही.

दसऱ्याच्या सकाळी लक्ष्मणरावाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. दोन धोतरं, बंडी, औषधाची डबी. तो मात्र कुठंच थांबत नव्हता. भट्टीपाशी जायचा, हायवेच्या काठाशी जायचा, पिशवीकडं न बघता तिच्या बाजूनं परत यायचा. तेवढ्यात डोमाजी शिडी आणि खरडणी घेऊन आला.

“चला, काढतो तुमचं म्हतारपण,” तो म्हणाला आणि शिडी टेकवली.

बोर्डाखाली दोन गाड्यांची माणसं फोटोसाठी उभी होती. ती हलेनात. एक बाई म्हणाली, “अहो, काय करता? हे बघायलाच तर आलो आम्ही.”

कैलासनं वर बोर्डाकडं बघितलं, मग बापाकडं. बाप फडकं पिळत होता, कोरडंच.

“राहू द्या, काका.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहू द्या.” कैलासनं पिशवी उचलली आणि आत खाटेखाली सरकवली. जाताजाता बापाकडं न बघता बोलला, “नंदिनीले फोन करतो. दिवाळीले आपण सारेच जाऊन येऊ. दोन दिवस.”

डोमाजीचा मात्र फुकटचा फेरा झाला होता. त्यानं शिडी उचलली आणि लक्ष्मणरावाला बाजूला घेतलं.

“आठ दिवस साऱ्या गावात माहीच थट्टा झाली. डोमाजीले इंग्रजी येत नाई म्हणते. हे पाहा, तुमच्याच घरून आलेली चिठ्ठी. जसं होतं तसं उतरवलं म्या.”

लक्ष्मणरावाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण अक्षर ओळखता येत होतं. वळणदार, गोल, रेघेला न चिकटणारं. रोज सकाळी, शाळेची वेळ व्हायच्या आधी, पाटीवर पाटोडी, झुणका, भाकर याच अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेली असायची. चिठ्ठीवर तीन शब्द होते, आणि पहिला छोटासा.

तो काउंटरपाशी गेला. सुरभी कांदा चिरत होती.

“सुरभी, शाळेतले पोट्टे त्या ओल्डची चूक करत असतीन नाई?”

“लय करतात, मामाजी.”

“न् मास्तरीन?”

सुरी थांबली नाही. “मास्तरीनले चुका कराले टाइम कुठं असते?”

लक्ष्मणरावानं मान हलवली. चिठ्ठीची बारीक घडी केली, भट्टीपाशी जाऊन निखाऱ्यात टाकली, आणि पाच नंबरच्या टेबलावर कोणी डाळ टाकतंय का ते बघायला गेला.

सगळं असंच घडलं. आता इतकी मोठी शपथ घेतली आहे म्हणून सांगून टाकलेलं बरं, निखाऱ्याचं तेवढं पदरचं घातलं. चिठ्ठी जळाली नाही. ती त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात आहे, आणि बंडी धुवायला द्यायच्या आधी तो खिसा रिकामा करून घेतो.