मरतुकड्या रोपांची निळी फीत

काउंटीच्या जत्रेत ‘गडद फुले, स्वतः पेरलेली आणि वाढवलेली’ या वर्गात वर्लीन ब्रुबेकरचा नंबर सलग नऊ वर्षं दुसरा आला होता. नऊ लाल फिती, पहिल्या नंबरची निळी एकही नाही. ओहायोत याहून मोठी दुःखं असतीलही. वर्लीनच्या कानावर अजून आली नव्हती.

यंदा तिची सगळी भिस्त स्कॅबिओसाच्या काळ्या फुलांवर होती. काळा म्हणजे उन्हात धरला तर वांग्याची साल. पण जत्रेच्या शेडला खिडकीच नाही, तेव्हा काळाच. जानेवारीत दुधाचे प्लास्टिकचे कॅन मधोमध कापून तिनं दहांत काळ्याचं बी पेरलं, दहांत गुलाबीचं, आणि थंडी खाऊन बी चांगलं रुजावं म्हणून वीसही कॅन बर्फात ठेवले. प्रत्येकावर रंगाचं नाव लिहिलं, न पुसणाऱ्या पेनानं.

एप्रिलपर्यंत ऊन-बर्फानं सगळे कॅन कोरे केले. पेन्सिल टिकते, हे चाळीस वर्षं माती चिवडणाऱ्या बाईला ठाऊक होतं. पण पेनावर ‘कायमचं’ असं छापलं होतं, आणि छापील गोष्टींवर तिचा बायबलइतकाच विश्वास.

रोपांची पानं सगळी सारखीच. म्हणून तिनं दणकट ती काळी ठरवली, मरतुकडी ती गुलाबी. मरतुकडी नणंदेला, डॉर्थाला, देऊन टाकली. वर म्हणाली, “तुझ्यासाठी खास निवडून काढलीत हो!”

जुलैत वर्लीनचा वाफा फुलला, बाळाच्या टोपड्यासारखा गुलाबी. ती वाफ्यासमोर उभी राहून असं काही बोलली की शेजारच्या पाद्रीबाबांनी खिडकी लावून घेतली.

आठवड्यानं डॉर्था आली. हातात मूठभर काळीकुट्ट फुलं.

“वहिनी, तुझी खास रोपं बघ की!”

“जत्रेत मांडायला पाच फुलं दे. पेरलीत मी.”

“आणि वाढवली कुणी? पाणी घालून घालून माझी कंबर गेली.”

“तू पेरली नाहीस. तुला त्या वर्गात कुणी उभं करणार नाही.”

“तू वाढवली नाहीस. तुला तरी कोण करतंय?”

शेवटी डॉर्था म्हणाली, “एक खरं सांग, मग देते. मला हीच का दिलीस?”

“अगं, खास...”

“वहिनी!”

“मरतुकडी होती म्हणून.”

“ते मला मेमध्येच दिसलं. डोळे आहेत मला. आता हेच जत्रेत नाव नोंदवताना सांगायचं. मोठ्यानं.”

ऑगस्टमध्ये नोंदणीच्या टेबलामागे योस्टबाई बसल्या होत्या. मागे भली मोठी रांग. योस्टबाईंनी विचारलं, “पेरली कुणी, वाढवली कुणी?”

वर्लीननं एकदा आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “पेरली मी. मरतुकडी म्हणून हिच्या गळ्यात मारली, तीही मीच. जगवली हिनं.”

रांगेतून आवाज आला, “तरीच! मला दिलेल्या टोमॅटोला टोमॅटो का लागले नाहीत ते आत्ता कळलं!”

शेड हसून हसून हलली. योस्टबाईंनी चष्मा पुसला. “एकाच कुटुंबातल्या ना? मग नियमात बसतं. पण कार्डावर नाव एकच.”

“तिचं लिहा,” डॉर्था म्हणाली. नणंदेचं मन बदलायच्या आत वर्लीननं आपल्या नावाचं स्पेलिंगसुद्धा सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी निळी फीत मिळाली. डॉर्थानं ती काढून सरळ आपल्या फ्रिजवर लावली. आणि वर्लीननं स्वतः चिकटपट्टी कापून दिली.