वाकडी पट्टी

केरू लोहाराने पंतांची कोरी सायकल पडवीत उलटी उभी केली आणि कॅरियरखालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा अडखळला आणि तिथेच राहिला.

“परवाच्या बोटीने मुंबईहून आली,” परशुरामपंत म्हणाले. आंब्याच्या बागा बाळगणाऱ्याला शोभेल असाच त्यांचा आवाज होता, चार घरांना ऐकू जाईल असा. “मागे बाईमाणसाला पाय टेकायची सोय आहे. साहेबाच्या देशातली नवी युक्ती म्हणे! पण पट्टी वाकडी रे. आमच्या मंडळींचा पाय घसरतो. दुकानदार म्हणतो, सगळ्या अशाच येतात. तेवढी सरळ करून ठेव, संध्याकाळी गडी पाठवतो.”

“व्हय जी,” केरू म्हणाला.

पंत गेले. शिमग्याला मुंबईहून आलेला केरूचा धाकटा भाऊ शिवा पडवीच्या कठड्यावर चहा पीत बसला होता. एरवी त्याची जीभ टाळ्याला लागत नसे. पंत आल्यापासून तो बशीत बघत होता.

अशीच पट्टी केरूने गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या सायकलसाठी घडवली होती. त्याच्या बायकोचा, गोदाचा, डावा पाय लहानपणापासून आत वळलेला. तिला माहेरी न्यायचं तर कुणाच्या तरी बैलगाडीसाठी तोंड वेंगाडावं लागे. म्हणून त्याने तिचं पाऊल हातात धरून, लोखंड तापवून, ठोकून, पुन्हा ठोकून पट्टीला तिरका बाक दिला होता. बायकोला सायकलवर मिरवतो म्हणून सगळी वाडी खो खो हसली. शिवा मात्र हसला नाही. ‘दादा, ह्ये मुंबैत दाखवतो. तुझ्या नावानं खपंल, नाक्यावर दुकान घालशील,’ म्हणाला, आणि गणपतीनंतर कॅरियर पट्टीसकट घेऊन गेला. मग निरोप आला, पडावातून बोटीवर चढताना बोचकं समुद्रात पडलं. केरूनेच उलट निरोप धाडला होता, वस्तू गेली तर गेली, तू सुखरूप आहेस ना! ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

मुंबईत त्या पट्टीची नक्कल करणाऱ्याला बाक कशासाठी हे ठाऊकच नव्हतं. त्याने तो जसाच्या तसा उतरवला होता.

केरूने सायकल सुलटी करून घट्ट धरली. गोदा लंगडत दारातून आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कॅरियरवर हात टेकून ती वर बसली आणि तिने डावा पाय खाली सोडला. टाच बाकात जाऊन बसली, हलली नाही. तिने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा दिराकडे, आणि उतरून आत गेली.

“दादा...” शिवा म्हणाला.

केरूने पट्टी सोडवली, भात्याने निखारे फुलवले आणि ती लाल होईपर्यंत तापवली. मग सांडशीत पकडून सांडस भावापुढे केली.

“धर. पंतांचं काम हाय, सरळ करून द्यायला हवी.”

शिवाने ती ऐरणीवर धरली. केरूने हातोडा उचलला आणि तसाच थांबला.

“पान्यात पडली तवा आवाज केवढा झाला रे?”

पट्टी सांडशीतून सरकली.

“घट्ट धर,” केरू म्हणाला, आणि त्याने बाकावर पहिला घाव घातला.