तळव्यातून निघालेली चरबी

"निघाली! निघाली!" सभागृहात एकच गलका झाला. विजेच्या यंत्राला जोडलेल्या, मिठाच्या पाण्याच्या टबात पाय बुडवून बसलेले बेकरीवाले मामा डोळे विस्फारून बघत होते. काचेसारखं पाणी बघता बघता तांबूस झालं, मग गढूळ, आणि वर फेस!

"ही तुमची चरबी!" चरबीबाबा गरजले. "चरबी गेली की गाठीचा खुराक तुटला. गाठ उपाशी मरते. कापाकापी हवीच कशाला?"

पुढचा नंबर ब्लाउज शिवणाऱ्या वहिनीचा होता. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती, आणि ऑपरेशनची तारीख तिने परस्पर पुढे ढकलली होती. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा विषय काढला म्हणून ती रुसली होती. इथे टोमणे नव्हते, वर पाय धुवून मिळत होते!

सोबतीला नणंद होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने ताज्या पाण्याने भरलेल्या टबात डोकावून पाहिलं आणि वहिनीने चप्पल काढायच्या आतच यंत्राचं बटण दाबलं.

"अहो, पायांशिवाय यंत्र कोपतं!" बाबा धावले.

यंत्र कोपलं नाही. पाणी मात्र तांबूस झालं.

"अरेरे, टबाचीच चरबी निघाली!" नणंद म्हणाली. "बिचारा किती लठ्ठ होता!"

हशा पिकला. नणंदेने यंत्र बंद केलं आणि पाण्यातल्या लोखंडी पट्ट्या वर काढल्या. "मिठाच्या पाण्यात लोखंड, त्यातून वीज. हा गंज आहे, मामा." बाबांची पाचावर धारण बसली.

वहिनीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने विचारलं, "म्हणजे चरबीचं सगळं खोटंच?"

"अर्धं खरं आहे, म्हणून तर खपतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चरबी नुसती बसून राहत नाही, रक्तातून निरोप धाडते. फार वाढली की भलतेच निरोप जातात. गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तिला रसद पोचते. गाठीशी लढणाऱ्या पेशी मात्र सुस्तावतात."

"म्हणजे दोष माझाच."

"मुळीच नाही. कॅन्सर बारीक माणसांनाही होतो. वजनाचं आपण सावकाश बघू. आधी गाठ काढू. आणि त्या दिवशी मी जरा फटकन बोलले, ते विसरा."

वहिनीने डोळे पुसले. "लवकरची तारीख द्या."

ऑपरेशन नीट झालं. औषधं अजून चालू आहेत. संध्याकाळी नणंद तिला फिरायला नेते. वहिनी दमते, कुरकुरते, तरी चालते. आणि माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला टेप गुंडाळता गुंडाळता बजावते, "छातीत हाताला गाठ लागली तर आधी तपासून घे गं. चमत्कार दाखवणाऱ्याला 'कसं?' म्हणून विचारायला लाजू नकोस. आपण भुलून बसतो, पण गाठ थांबत नाही."